आचाऱ्याचा आचार्य

१ जानेवारी २०२५, देवास

आजपासून रोजनिशी. मराठी पुस्तकांची वेबसाइट चालवायची आणि स्वतःला मराठीत धड चार ओळी लिहिता येऊ नयेत, हे बरं दिसत नाही. शाळा पूर्ण हिंदीत झाली, त्यामुळे जिथे शब्द अडेल तिथे हिंदी चालवून घेईन. वाचणारा मीच आहे.

आज आमचा सणच आहे. त्र्यंबक ओगले नावाचे एक गृहस्थ धार संस्थानात जमिनीची मोजणी करायचे. 'मोजणीदाराची मुशाफिरी' हे त्यांचं एकच पुस्तक. ते १९६४ साली वारले. लेखक गेल्यानंतरची साठ वर्षं भरली की पुढच्या एक जानेवारीला पुस्तक सगळ्यांचं होतं. कोणीही छापा, वाटा, कोणाला विचारायचं नाही. म्हणजे ओगले आज सकाळी मोकळे झाले.

धारला एक मंडळ आहे. ते लोक अशी जुनी पुस्तकं हाताने टाइप करून नेटवर ठेवतात. पण त्यांची फाइल म्हणजे एक लांबच लांब पान. फोनवर अंगठा दुखेपर्यंत सरकवत राहा. मी ती उचलतो आणि माझ्या प्रोग्रॅममधून काढतो. प्रकरणं वेगळी होतात, मुखपृष्ठ लागतं, अक्षर लहानमोठं करता येतं. मग ती 'वाचा भिया' या माझ्या साइटवर; भिया म्हणजे आमच्याकडचा भाऊ. हे नाव मला पोहे खाताना सुचलं आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

दुपारच्या आत ओगले साइटवर चढले. बाबा पाळीवरून आले तेव्हा मी नाचत होतो. ते म्हणाले, "नवीन आलं का काही?" मी विचारलं, कशाचं? "काही नाही," म्हणाले आणि फोन चार्जिंगला लावून आडवे झाले. अठ्ठ्याऐंशी साली सांगलीहून कारखान्यात नोकरीला आलेला माणूस, आता निवृत्तीला आलाय. हल्ली सारखे फोनमध्ये. रील बघत असणार.

४ जानेवारी

लोक पटापट उतरवून घेतायत. इतक्या लवकर एवढी मागणी कुठल्याच पुस्तकाला नव्हती.

प्रोग्रॅममध्ये नवी साफसफाई टाकली. टाइप केलेल्या फायलींमध्ये न दिसणाऱ्या खुणांचा खूप कचरा असतो, तो सगळा एका फटक्यात उडतो. ओगले पुन्हा त्यातून काढले; फाइल हलकी, एकदम चकाचक. पहिलं पानही कापलं. त्यावर मंडळातल्या लोकांची नावं होती, कोणी टाइप केलं, कोणी तपासलं. फोनवर ते विचित्र दिसत होतं. नाही तरी कोण वाचतं.

खरं लिहायचं तर पुस्तक मी वाचलेलं नाही. चाळलं. मराठीचं एक पान वाचायला मला हिंदीच्या तीन पानांचा वेळ लागतो.

साइटवर 'एक वाचक, देवास' या नावाने शेरा आलाय: "अक्षर अजून एक पायरी मोठं करता यावं. चष्म्याच्या लोकांची सोय होईल." देवासमधलाच कोणी आहे. मजा वाटली. लगेच करून दिलं.

१२ जानेवारी

सकाळी डोकं फिरलं. दोन-तीन साइट्सनी माझी फाइल जशीच्या तशी उचलली. मुखपृष्ठ माझं, प्रकरणांची मांडणी माझी, नाव मात्र त्यांचं आणि आजूबाजूला जाहिरातींची जत्रा. एकाला कडक शब्दांत लिहायला बसलो. "तुम्ही माझी मेहनत" इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो. पुढे काय लिहिणार? पुस्तक कोणाचंच नाही. मीही कुठूनतरी उचललंच होतं.

थोड्या वेळाने वाटलं, चोरावं असं काहीतरी मी बनवलं, हेही काय कमी आहे. दुपारी कचोरी खाल्ली.

१९ जानेवारी

खतरनाक गोष्ट झाली. काकूने व्हॉट्सॲपवर सुप्रभाताचं चित्र पाठवलं. सूर्य, कमळ आणि खाली वचन: 'आधी पोटाला द्या, मग जमीन मोजा. – आचार्य गणोजी.'

मोजणी म्हटल्यावर कान उभे राहिले. पुस्तकात शोधलं तर खरंच ते ओगल्यांच्या पुस्तकातलं. गणोजी नावाचे आचार्य मोजणीच्या तुकडीबरोबर गावोगाव फिरतात, जवळजवळ पानागणिक आहेत. कोणीतरी बासरी लावून व्हिडिओही केलाय: सत्तेला खडे बोल सुनावणारा, स्वतःच्या हाताने शिष्यांना भाकरी करून घालणारा माळव्याचा विस्मृत संत. लाखभर लोकांनी पाहिलाय आणि खाली लिंक माझ्या साइटची.

रात्रीच्या जेवणात मी हेच सांगत होतो, तर बाबा मध्येच म्हणाले, "अन्या, दर्या म्हणजे समुद्रच ना?"

"हो."

"मग मांडवगडच्या वाटेवर समुद्र कुठून आला? 'खोल दर्यांमधून घोडी उतरवली' म्हणतो."

"बाबा, रीलवाले काहीही बोलतात."

त्यांनी आमटी वाढून घेतली.

२३ जानेवारी

'आचार्य गणोजींची वचने' अशी छोटी पुस्तिका बनवली. प्रोग्रॅमला सांगितलं, जिथे जिथे आचार्य बोलतात ती वाक्यं काढ. मुखपृष्ठावर दाढीवाले साधू टाकले. पुस्तकापेक्षा ही जास्त जातेय. काही वचनं समजत नाहीत. 'कढईच्या कडेला डाग राहिला तर उद्याची भाजीही आजचीच लागेल.' मला यात कर्माचा सिद्धांत दिसला. कढई म्हणजे मन असणार.

२ फेब्रुवारी

डहीहून फोन. डही म्हणजे धार जिल्ह्याचं पार दक्षिण टोक, तिथून नर्मदा जवळ. ओम सोलंकी म्हणून समाजसेवक आहेत. म्हणाले, "भिया, आचार्यजी तो हमारे डही के निकले। किताब में साफ लिखा है।" त्यांनी गणोजींची नातही शोधून काढलीय, कमलबाई, सत्तरीच्या; आजोबांना त्यांनी पाहिलेलं नाही. दोन मार्चला चौकात आचार्यजींच्या नावाचा दगड बसवणार, भंडारा करणार. आणि ज्याने हे पुस्तक जगापुढे आणलं तो प्रमुख पाहुणा. म्हणजे मी.

मी आजवर कुठल्या लग्नातही पहिल्या रांगेत बसलेलो नाही. कुर्ता शिवायला टाकला.

६ फेब्रुवारी

ईमेल आली. तशीच उतरवतो.

"श्रीयुत अनीश यांस, स. न. वि. वि. आपल्या संकेतस्थळावर आमच्या मंडळाने टंकलिखित केलेले पुस्तक पाहिले. आपण ते घेतलेत याचा आनंद आहे, घेण्यासाठीच ठेवले आहे. परंतु आपल्या प्रतीत गणोजी हा आचारी, म्हणजे स्वयंपाकी, आचार्य झाला आहे. बिचाऱ्याने जन्मभर भाकऱ्या थापल्या. त्याला पीठावर बसवण्याआधी कृपया एकदा पुस्तक वाचावे. – सुनेत्रा चिटणीस, धार."

दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. मग वचनांची पुस्तिका उघडली. 'कढई'.

८ फेब्रुवारी, धारहून आल्यावर

ईमेलला उत्तर लिहिण्याऐवजी बस पकडून सरळ धारला गेलो. सुनेत्राबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या घराण्यातले लोक पूर्वी संस्थानच्या दप्तरात होते, आणि त्यांचं मराठी ऐकून वाटतं की अजून तिथेच आहेत. दार उघडून म्हणाल्या, "आपण अनीश? वयाने बरेच धाकटे निघालात. या. चहा घ्याल ना?"

मी लढायच्या तयारीने गेलो होतो. म्हटलं, "मी एक अक्षर बदललं नाही, बाई. तुमची फाइल होती तशी घेतली."

"तशी नाही घेतली. हे वाचा." त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर त्यांची फाइल उघडली.

मी वाचलं, "आचार्याने चूल मांडली."

"पुन्हा. डोळ्यांनी वाचा, सवयीने नको."

त्यांच्या पडद्यावर य च्या डोक्यावर रफार नव्हता. य च्या आधी, पापणीसारखी, एक आडवी वळलेली रेघ होती. आचाऱ्याने. माझ्या फायलीत ती पापणी उडून डोक्यावर रफार चढला होता. हिंदीत ती पापणी नसतेच, मला आयुष्यात कधी वेगळी दिसली नाही.

"रफार दिलात की आचार्य, गुरुवर्य," बाई म्हणाल्या. "पापणी दिलीत की आचारी. दरी, दऱ्या. तुमच्याकडे दर्या आहे, तुकडी मांडवच्या समुद्रात उतरलीय."

तेव्हा कळलं. ती पापणी उमटावी म्हणून सुनेत्राबाई मध्ये एक न दिसणारी खूण टाइप करतात. माझ्या साफसफाईने ती कचरा समजून उडवली. एक माणूस नाही, पुस्तकभर. वाऱ्याचा वार्य, पुजाऱ्याचा पुजार्य.

मी म्हटलं, "पण एवढे लोक वाचून राहिलेत, एकालाही कळलं नाही?"

"वाचतायत कुठे? पाठवतायत." मग फाइल पहिल्या पानावर नेत, "आणि आमचं पहिलं पान कापलंत. ते का?"

"फोनवर बरं दिसत नव्हतं."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "कायद्याने आमचा हक्क नाही, ठाऊक आहे मला. पण त्या पानावर आम्हां चौघांची नावं अशासाठी होती, की चूक सापडली तर वाचकाने कोणाकडे जावं."

चहा गार झाला होता. तसाच प्यालो.

९ फेब्रुवारी

चूक एका ओळीची होती, एका ओळीत दुरुस्त झाली. पुस्तक पुन्हा काढलं, मंडळाचं पान परत लावलं, खाली माझंही नाव घातलं, वचनांची पुस्तिका काढून टाकली. बाकीच्या साइट्सना लिहिलं. एकाचंच उत्तर आलं: "सर, फाइल आपकी ही है, हमने तो कुछ बदला नहीं।"

अगदी हेच वाक्य मी काल बोललो होतो.

'एक वाचक, देवास'चा शेरा मात्र तासाभरात: "दऱ्या आता दऱ्या झाल्या. समाधान वाटलं." कोण आहे हा माणूस? इतकं बारीक वाचणारा माझ्या गावात आहे आणि मला माहीत नाही. कधी भेटला तर चहा पाजेन.

१५ फेब्रुवारी

पुस्तक वाचून संपवलं. पूर्ण. आयुष्यातलं पहिलं मराठी पुस्तक. सुरुवातीला बोट ठेवून वाचत होतो, मधे कधीतरी बोट सुटलं.

काय पुस्तक आहे. ओगले भित्रे, पोट नाजूक, सगळ्यांवर चिडणारे. आणि हा आचारी त्यांना सांभाळतो, उत्तरं देतो, उपाशी ठेवत नाही. आधी पोटाला द्या, हे तो साहेबाला खरंच ऐकवतो, कारण सकाळपासून माणसं उन्हात उभी असतात. संत असता तर इतका आवडला नसता.

आणि पुराचं प्रकरण. ओढा चढतो, सामानाची गाडी वाहून जाऊ लागते, पूर्ण मोसमाची मोजणी, सगळे नकाशे त्यात. गणोजी स्वयंपाकाचा मोठा हंडा रिकामा करतो, नकाशे आत ठेवून वर परात बांधतो आणि हंडा पुढे ढकलत पोहत पलीकडे जातो. वाचताना मी पलंगावर उभा होतो.

सुनेत्राबाईंना फोन केला. म्हणाल्या, "आता आपलं बोलणं होऊ शकेल." मग बराच वेळ झालं.

१८ फेब्रुवारी

सोलंकीजींना सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देखो भिया, पत्थर खुद गया है। विधायकजी का टाइम मिल गया है। आदमी तो वही है ना? आचारी कहो, आचार्य कहो। आप आओ, माला पहनो, दो शब्द बोलो।"

मी "देखते हैं" म्हणून फोन ठेवला. खरं सांगायचं तर मनात आलं, काय बिघडतं? कोणाचं नुकसान आहे? कुर्ता शिवून आलाय. छान बसतो.

१ मार्च

उद्या डही. अजून ठरलं नाही काय बोलायचं. बाबा दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्या गणोजीचं खरं आहे ते सांगून ये. भाकरी करणाऱ्याला लाज कसली." मी त्यांना दगडाचं, आचाऱ्याचं काहीच बोललो नव्हतो. काकूने सांगितलं असेल.

३ मार्च, देवास

काल लिहायचं त्राण नव्हतं.

धारहून सुनेत्राबाईंच्या गाडीने गेलो, बाघ, कुक्षी करत. त्या चालवत होत्या आणि वाटेतल्या झाडांची नावं सांगत होत्या. मला एकही ऐकू येत नव्हतं.

चौकात मंडप. मधोमध दगड, लाल कापडाने झाकलेला. खुर्चीवर कमलबाई, गळ्यात माळ. येणारा प्रत्येकजण वाकून त्यांच्या पायाला हात लावत होता आणि त्या संकोचाने पाय मागे घेत होत्या, पण चेहरा उजळला होता. तो चेहरा पाहून माझं धैर्य निम्मं झालं. विधायकजी, म्हणजे आमदार, आले नाहीत. सोलंकीजींनी माइक दिला आणि कानात म्हणाले, "छोटा ही रखना।"

हिंदीतच बोललो. म्हटलं, या पुस्तकात एक चूक झाली आणि ती चूक माझी आहे. तुम्ही ज्यांना आचार्य म्हणून राहिलात ते आचार्य नव्हते. साहेबांच्या तुकडीचे स्वयंपाकी होते. माझ्या मशीनने एक खूण खाल्ली.

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. सोलंकीजी खाली बघत होते. कमलबाई माझ्याकडे बघत होत्या.

"तो महात्मा नहीं थे?"

"नहीं, काकी।"

"महीने भर से लोग मेरे पाँव पड़ रहे हैं।" आवाज चढला नव्हता, त्यामुळेच जास्त लागला. "मेरी बहू, जो दो साल से बोलती नहीं थी, वो भी। अब मैं उनको क्या बोलूँ?"

सॉरी म्हणालो, ते माइकमध्ये नीट गेलंही नाही. खाली उतरणार, तेवढ्यात सुनेत्राबाई उठल्या. त्यांनी फोनवर पुस्तक उघडलं आणि मला म्हणाल्या, "पुराचं प्रकरण. मी वाचते, तू त्यांना हिंदीत सांग. वाक्यागणिक." मला 'तू' म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

त्या वाचत गेल्या, मी सांगत गेलो. आधी अडखळलो, मग जमलं. हंडा आला, परात आली. गणोजी पाण्यात उतरला तेव्हा मागे हसणारा माणूस पुढे येऊन उभा राहिला होता. साहेब काठावर रडतोय आणि आचारी पलीकडून ओरडतोय, नकाशे कोरडे आहेत, आता तुम्हीही या. लोक हसले, यावेळी वेगळं हसले.

कमलबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फिर से सुनाओ।"

पुन्हा सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"ये किताब किसकी है?"

"किसी की नहीं, काकी। सबकी।"

"मेरे फोन में आएगी?"

"अभी डाल देता हूँ।"

मग त्या सोलंकीजींकडे वळल्या. "ओम, कपड़ा मत हटाना। दूसरा पत्थर बनवा। इसमें मेरे दादा नहीं हैं।"

दगड झाकलेलाच राहिला. सगळे जेवायला बसले. सोलंकीजी माझ्याशी बोलले नाहीत, पण पुरी दोनदा वाढली.

२० मार्च

काकूकडून आज पुन्हा सुप्रभात. आचार्य गणोजी, यावेळी हिमालयासकट. तो संत आता माझ्या हाताबाहेर गेला आहे. मी काकूला पुस्तकाची लिंक पाठवली. तिने नमस्काराचे हात पाठवले.

दुसरीकडे काम जोरात आहे. कमलबाईंना मराठी येत नाही. पुस्तक फोनमध्ये घातलं तरी त्यांच्यासाठी अक्षरं ती अक्षरंच. म्हणून मी रोज संध्याकाळी फोन करतो आणि एक प्रकरण हिंदीत सांगतो, तिकडे त्यांचं आख्खं घर ऐकतं, सूनही असते. माझं सांगणं मी रेकॉर्ड करतो, सुनेत्राबाई ऐकून दुरुस्त्या पाठवतात. असं करत हिंदी पुस्तक तयार होतंय. तेही फुकट. तेही कोणाचंच नाही.

आज पुराचं प्रकरण पुन्हा आलं. कमलबाई मध्येच म्हणाल्या, "साहब ने ये नहीं लिखा कि दादा को तैरना किसने सिखाया?"

नाही, म्हटलं.

"दादी ने। वो नर्मदा किनारे की थी। दादा तो शादी तक पानी से डरते थे। लिख दो।"

"काकी, ओगलेसाहब की किताब में मैं नहीं लिख सकता। पन्ने के नीचे टिप्पणी दे सकता हूँ, आपके नाम से।"

"दे दो।"

"दादी का नाम क्या था?"

पलीकडे खूप कुजबुज झाली, कोणाकोणाला विचारलं गेलं. मग त्या म्हणाल्या, "सोना।"

२२ मार्च

टीप टाकली, मराठीत आणि हिंदीतही. 'गणोजींना पोहायला त्यांच्या पत्नी सोनाबाई यांनी शिकवलं. – कमलबाई, डही.' शुद्धलेखन सुनेत्राबाईंनी तपासलं. एकही चूक निघाली नाही आणि मी घरभर फिरून आलो.

आज पाहिलं तर एका साइटने नवी फाइलही उचलली आहे. सवयीने पहिलं पान कापलंय. मंडळाची चार नावं गेली, माझंही गेलं. मी पुराच्या प्रकरणापर्यंत सरकवत गेलो. पानाखाली सोनाबाई होत्या. त्यांच्या मशीनला ती टीप पुस्तकातलीच वाटली असणार.